ग्रहणाचं पाणी

"सांगा त्यांना, तूप संपलंय."

आम्ही पुण्याहून बंगळूरला आलो, चामराजपेटेत नरसिंहरावांच्या माडीवर बिऱ्हाड थाटलं, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी जिन्याखालून हा आवाज आला. मी वाकून पाहिलं. नरसिंहराव सोवळं नेसून देवघराच्या दारात उभे. समोर, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर, त्यांची सख्खी धाकटी बहीण मथुरा फुलवाती वळत बसलेली. मी म्हटलं, "कुणाला सांगू?" "त्यांना," असं म्हणून ते भिंतीकडे बघायला लागले. मी बावळटासारखी तिला म्हणाले, "अहो, तूप संपलंय म्हणे." ती म्हणाली, "संध्याकाळी आणते म्हणून सांगा की." मी परत त्यांच्याकडे वळले, तर ते ऐकून आत गेलेसुद्धा. माझं डोकंच फिरलं. घरात माणसं दोन, आणि त्यांचं टपालखातं मी!

पुरुषोत्तमला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगितलं तर तो म्हणाला, "भाडं कमी आहे, तू लक्ष देऊ नकोस." तो सरकारी कारखान्यात इंजिनिअर. सकाळी जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. लक्ष न देऊन मी करणार काय होते? दिवसभर मराठी बोलायला त्या दोघांशिवाय तिसरं माणूस नव्हतं. मराठी तरी कसलं! पिढ्यान् पिढ्या कर्नाटकात राहून निम्मं कानडी झालेलं. 'थोडं' नाही म्हणायचे, 'स्वल्प' म्हणायचे. 'पुरे'ला 'साकु', 'आणखी'ला 'इन्नू'. पहिले काही दिवस मला समोर गवळी बोलतोय की घरमालक तेच कळेना.

मथुराअक्का पन्नाशीची असेल. ठेंगणी, सावळी, डोक्यात रोज मोगरा, हातात प्लॅस्टिकच्या वायरची पिशवी. लग्न झालं नाही. का, ते मी विचारलं नाही. फ्रेझर टाऊनकडच्या एका कॉन्व्हेंट शाळेत ती मुलींना गाणं शिकवायची आणि दोन बस बदलून तिथे जायची. घरी मात्र तिच्या खोलीत एका मोठ्या ट्रंकेत, जुन्या साड्यांच्या तुकड्यांत गुंडाळून, चिनी मातीचे वाडगे ठेवलेले असत. ते तिच्या वडिलांचे, भीमाचार्यांचे. ते पुराण सांगत आणि जलतरंग वाजवत. वाडगे समोर अर्धवर्तुळात मांडायचे, प्रत्येकात पाणी ओतायचं, आणि बारीक काठ्यांनी कडेवर वाजवायचं. पाणी वाढलं की सूर उतरतो, कमी झालं की चढतो. भीमाचार्यांनी ही विद्या मुलाला न देता मुलीला दिली. नरसिंहरावांना ते लागलं होतं की नाही, देव जाणे.

बोलणं बंद झालं ते मात्र त्यामुळे नाही. शाळेत पियानो शिकवायला डेरिक रोझारिओ नावाचे एक गृहस्थ होते. उंच, टकलू, कायम हसणारे. मधल्या सुट्टीत ते हॉलमध्ये पियानो वाजवत आणि ही बाई दारात उभी राहून डब्याच्या झाकणावर बोटं वाजवायची. त्यातून दोघांचं जमलं, म्हणजे वाजवण्यापुरतं. आणि एका एकतीस डिसेंबरला मथुराअक्का डेरिकच्या बँडबरोबर एका हॉटेलात जलतरंग वाजवून आली. भीमाचार्यांचे वाडगे, आणि भोवती दारू पिणारे लोक! दुसऱ्या दिवसापासून नरसिंहराव तिच्याशी बोलेनासे झाले. तीही कसली! तिनंही तोंड मिटलं. तेव्हापासून कित्येक वर्षं दोघं एका चुलीवरचं जेवत होते आणि एकमेकांशी अवाक्षर बोलत नव्हते. निरोप पोचवायला आधी पलीकडच्या कौशल्याबाई होत्या, त्या गेल्या, मग मी आले.

एकदा मी तिला विचारलं, "अक्का, हे जॅझ म्हणजे असतं तरी काय?"

"एक गत ठरवायची. मग एकेकानं आपापलं मन मोकळं करायचं, बाकीच्यांनी त्याला सांभाळून घ्यायचं. मधे कुणी अडवायचं नाही."

"म्हणजे तुमच्या घरात नाही ते," मी म्हटलं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

पंच्याण्णव साली डेरिकच्या डोक्यात आलं की अल्बम करायचा. जॅझमध्ये पुढे असतो तो ट्रम्पेट नाहीतर सॅक्सोफोन. यांच्या अल्बममध्ये पुढे जलतरंग, आणि पियानो मागे. का, तर दोन पट्ट्यांच्या मधला सूर पियानोला काढता येत नाही आणि अक्का पाण्यात काठी फिरवून तो सूर वाकवते, त्यावर डेरिक लट्टू होते. दसऱ्याच्या सुट्टीत शाळेच्या त्या जुन्या हॉलमध्ये त्यांनी काम सुरू केलं. रेकॉर्डिंगचं मशीन डेरिकच्या मित्राचं होतं, आणि तो मित्रच ते चालवायचा. सगळं झालं, एक राहिलं.

ते एक अक्काचं स्वतःचं होतं. वडील गेले त्या वर्षी तिनं ते बसवलं होतं. त्यात ड्रम नव्हते, पियानो अगदी नावाला. नुसते वाडगे आणि बोटांनी छेडलेला बास, म्हणजे उभं धरायचं मोठं तंतुवाद्य. इतकं हळू, की रस्त्यावरच्या रिक्षा, बसचे भोंगे, सगळं त्या टेपवर यायचं. रविवारी करून पाहिलं, पहाटे करून पाहिलं. मग दिवाळी आली आणि फटाके सुरू झाले. इकडे डेरिक बायकामुलांसकट कायमचे ऑस्ट्रेलियाला निघालेले. तिथे त्यांच्या भावाची छोटी कंपनी होती, ती कॅसेट काढणार होती. टेप डेरिकच्या बॅगेतून जायला हवी होती आणि विमान दिवाळीतच होतं.

"एवढं राहिलं तर राहू दे ना," मी म्हटलं. "बाकीचं आहे की."

"बाकीचं डेरिकचं आहे, सुचेता," ती म्हणाली. "माझं एवढंच."

तोडगा डेरिकनीच काढला. त्या वर्षी ऐन दिवाळीत सूर्यग्रहण आलं होतं, सकाळचं. ग्रहणात गावातलं कुणी बाहेर पडत नाही. रस्त्यावर चिटपाखरू नसेल, फटाका तर नाहीच नाही. तेवढ्या वेळात उरकून टाकू, आणि रात्री मी विमानात बसतो, असं ते म्हणाले. त्यांना काय, ते ख्रिस्ती! अक्का मात्र बिचकली. ग्रहणात आपल्याकडे पाण्याला शिवत नाहीत, आणि हिचं तर वाद्यच पाण्याचं. ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली आणि मला म्हणाली, "हात लावू का गं मी त्या पाण्याला?"

"अहो, काही होत नाही! विज्ञानाचे दिवस आहेत," मी ठसक्यात म्हटलं. ग्रहण सुटलं की माझी आई घरातलं भरलेलं पाणी ओतून भांडी घासायची, हे मी तिला सांगितलं नाही.

ती जायचं म्हणाली. आणि त्याच संध्याकाळी जिन्याखालून आवाज आला, "सुचेताबाई, सांगा त्यांना, ग्रहणात बाईमाणसानं एकटं बाहेर जायचं नाही. मी येणार आहे." मी अक्काकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता. हा माणूस तिथे येऊन ऐन वेळी घोळ घालणार, हे आम्हा दोघींनाही न बोलता कळलं. म्हटलं, मग मीही येते. बघतेच कसा घोळ घालतात ते.

ग्रहणाच्या सकाळी अंधारातच निघालो. रिक्षावाला सारखा म्हणत होता, ग्रहण लागायच्या आत मला घरी पोचायचंय. मांडीवर ट्रंक घेऊन मी नि अक्का मागे, आमच्या शेजारी सोवळ्याची पिशवी छातीशी धरून नरसिंहराव. हॉलवर पोचल्यावर अक्कानं वाडगे मांडले आणि पियानोशी सूर जुळवायला घेतले. तो पियानो म्हातारा होता, त्याचे सूर उतरलेले. त्याच्यापुरतं सगळं पाणी निराळं मापावं लागे. डेरिक एकेक पट्टी दाबायचे, ती वाडग्यात थेंब थेंब पाणी घालायची, काढायची, परत घालायची. पुरता तास गेला.

ग्रहण लागलं तसे नरसिंहराव बाहेरच्या नळावर जाऊन अंघोळ करून आले आणि ओल्या पंचानं, भिंतीकडे तोंड करून, कोपऱ्यात जपाला बसले. बास वाजवणारे म्हातारे गृहस्थ त्यांच्याकडे घाबरून बघत होते. रस्ता खरंच गप्प झाला होता. इतका, की मला माझ्याच बांगड्यांची भीती वाटून मी त्या काढून ठेवल्या. वरच्या जाळीतून ऊन यायचं, ते फरशीवर गोल पडायच्याऐवजी विळ्याविळ्यांसारखं पडलं होतं. वाडग्यांवरही तसंच.

अक्कानं सुरुवात केली आणि थांबली. "चुकले." परत सुरू केलं. या वेळी बराच वेळ नीट चाललं, आणि तिची काठी घसरून वाडग्याच्या पोटावर आपटली. तिसऱ्यांदा तर हात नुसता वर उचलला आणि तसाच राहिला.

"नाही होत माझ्याच्यानं," ती म्हणाली. "पाणी बघा कसं दिसतंय ते. हात पुढं जात नाही."

मला इतका राग आला! तिचा नाही, त्या कोपऱ्यातल्या पाठीचा. ती ओली पाठ समोर असताना कुणाचा हात चालेल? डेरिकनी घड्याळ पाहिलं, पण आवाज चढवला नाही. ते म्हणाले, ग्रहण सुटेपर्यंत थांबू. ग्रहण सुटल्यावर लोक अंघोळ करणार, स्वयंपाक करणार, जेवणार, मगच पोरं फटाके घेऊन रस्त्यावर येणार. तेवढी फट मिळेल. तेवढीच. अक्कानं मान डोलावली. तिच्या जिवावरचं ओझं उतरल्यासारखं दिसलं. थांबायचं तर थांबायचं. टेपवाला दारात जाऊन उभा राहिला, डेरिक खिडकीशी. जपाचे मणी फिरल्याचा आवाजही ऐकू येत होता.

ग्रहण सुटलं. अक्का कोरडी साडी घेऊन हॉलमागच्या वॉचमनच्या घरी अंघोळीला गेली, मी बादली धरायला तिच्याबरोबर. डेरिक आणि बाकीचे दोघे अंगणात पाय मोकळे करायला गेले. आत एकटे नरसिंहराव राहिले.

आम्ही परत आलो. अक्काचे केस ओले, कपाळावर ताजं कुंकू, पावलात जरा जोर आलेला. दारातच ती थांबली. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं.

वाडगे रिकामे होते. घासलेले, पुसलेले, एकात एक घालून नरसिंहरावांच्या उपरण्यावर नीट रचून ठेवलेले. फरशी पुसलेली. शेजारी नळाच्या ताज्या पाण्यानं भरलेली बादली.

"सांगा त्यांना," नरसिंहराव मला म्हणाले, "ग्रहणाचं पाणी टाकलं. आता चांगल्या पाण्यानं भरा म्हणावं."

अक्का खाली बसली. मागून डेरिक आले, त्यांनी पाहिलं, त्यांना कुणी काही सांगायची गरज पडली नाही. तासाभराचं काम होतं ते, आणि तास कुठून आणायचा? तेवढ्यात लांब कुठेतरी लवंगी माळ वाजली.

मग मात्र माझा तोल गेला. "अहो, तुम्हाला काही लाज? एवढी वर्षं बहिणीशी बोलला नाहीत ते बोलला नाहीत, आता तिच्या तोंडचा घास काढून घेतलात! एका तासाचे सूर ओतून दिलेत गटारात! यायलाच नको होतं तुम्ही. जपच करायचा होता ना, तो चामराजपेटेत होत नव्हता?" मी आणखीही काय काय बोलले. घरमालक आहेत हेही विसरले.

सगळं ऐकून ते म्हणाले, "मला कळत नाही असं समजू नका. आमचे आप्पा वाडग्यांचे सूर लावायचे तेव्हा दिवा मी धरायचो. किती वेळ लागतो ते मला माहीत आहे."

"मग?"

"ग्रहण लागलेलं पाणी ते. त्यात हात घालून हिला काही झालं असतं म्हणजे? हिच्याशिवाय मला आहे कोण?"

'त्यांना' नाही म्हणाले. 'हिला' म्हणाले. अक्कानं मान वर केली नाही, पण तिनं ऐकलं होतं, कारण तिचे हात एकदम हलायला लागले. तिनं वाडगे भराभर मांडले, तांब्यानं प्रत्येकात अंदाजानं पाणी ओतलं आणि डेरिकना खूण केली. डेरिकनी पट्टी दाबली. तिनं पेल्यातून पाणी घातलं, ते जास्त झालं. काढलं, ते जास्त निघालं. दुसऱ्या वाडग्याचंही तेच. घाईनं तिचा अंदाज सारखा चुकत होता. बाहेर आणखी एक माळ वाजली, आता जरा जवळ.

तेव्हा नरसिंहराव उठले. पिशवीतून पंचपात्र आणि संध्येची पळी काढली, बादलीतलं पाणी पंचपात्रात घेतलं, आणि वाडग्यांच्या पलीकडे, तिच्या समोर मांडी घालून बसले. पळी म्हणजे केवढीशी! आचमनापुरतं पाणी मावणार. त्यांनी ती पहिल्या वाडग्यावर धरली आणि थांबले.

अक्कानं वाडग्यावर काठी टेकवली. सूर आला, पियानोपेक्षा चढा.

"स्वल्प," ती वाडग्याकडे बघत म्हणाली.

एक थेंब पडला. तिनं वाजवलं.

"इन्नू स्वल्प."

आणखी एक. सूर उतरत उतरत डेरिकच्या पट्टीवर येऊन बसला.

"साकु, अण्णा."

मी तोंडावर पदर दाबला. त्या घरात आल्यापासून 'अण्णा' हा शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते. नरसिंहरावांनी पळी पुढच्या वाडग्यावर नेली.

डेरिकनी टेपवाल्याकडे पाहून हवेत बोट गोल फिरवलं. त्यानं मशीन सुरू केलं. मग डेरिकनी पट्टी दाबली ती जरा लांबवली, आणि बासवाल्या म्हाताऱ्यांनी तिच्याखाली हळूच एक तार छेडली. अक्काला कळलं की नाही, कोण जाणे. ती म्हणायची "स्वल्प", थेंब पडायचा, सूर उतरायचा, बास त्याच्या खालून चालत यायचा. "साकु." पुढचा वाडगा. आधी लावलेले वाडगे ती मधेच वाजवून बघायची, दोन, मग चार, मग आणखी. बघता बघता त्यातून तिची गत दिसायला लागली. तिनं दुसरी काठी कधी उचलली ते मला आठवत नाही. काठी आता घसरत नव्हती. मी मात्र कान रस्त्याकडे लावून बसले होते. देवा, एवढं होऊ दे, एवढं होऊ दे, म्हणत होते. त्या दिवशीच्या जपात मीही होते म्हणायची.

शेवटचा राहिला सगळ्यात मोठा वाडगा. तिनं तो वाजवला आणि नरसिंहरावांकडे बघितलं. त्यांनी पळी कलती केली. ती वाजवत राहिली, ते बारीक धार सोडत राहिले, आणि तो एक सूर घसरत खाली, आणखी खाली गेला, पार विरेपर्यंत. पंचपात्र रिकामं झालं. बास थांबला. डेरिकनी पट्टीवरचं बोट उचललं नव्हतं.

मग रस्त्याच्या कोपऱ्यावर सुतळी बॉम्ब फुटला. खिडक्या हादरल्या. टेपवाल्यानं कानावरचे हेडफोन काढले आणि म्हणाला, "आलं. सगळं आलं."

डेरिक त्याच रात्री गेले. पुढच्या उन्हाळ्यात पार्सलनं कॅसेट आली. आतल्या कागदावर बारीक इंग्रजीत नावं होती: जलतरंग, पियानो, बास, ज्याचं त्याचं. सगळ्यात खाली, 'पाणी: नरसिंहराव'. ते भिंगातून बराच वेळ वाचत बसले. मग मला विचारलं, "पाणी हे वाद्य असतंय होय?" कॅसेट किती खपली, कुणी ऐकली, मला माहीत नाही. माझी पुण्याची मंडळी ऐकतात आणि विचारतात, गाण्यात ही बाई सारखी बोलतेय काय?

पण माझ्यापुरतं सगळं संपलं ते ग्रहणाच्या दुसऱ्या दिवशी. आदल्या दिवशी रिक्षातून परत येताना तिघंही गप्प होतो. मी मनात म्हटलं, टेपवर बोलले तेवढंच, घरी आले की परत भिंत. सकाळी नेहमीच्या वेळी मी जिन्यात येऊन उभी राहिले, निरोप्याचं काम करायला. खाली नरसिंहराव देवघराच्या दारात आले. त्यांनी वर माझ्याकडे पाहिलं. घसा खाकरला. मग वळले.

"मथुरा," ते म्हणाले, "तूप संपलंय गं."

मी चहाचं आधण टाकायला आत गेले.